बापूची पेंडतुला

मे महिन्यात बीडकडं चाललेय म्हटल्यावर देवरुखात ज्याला त्याला एकच प्रश्न पडला, "आत्ता? तिकडं प्यायला पाणी नाही म्हणतात!" शेजारच्या वहिनींनी फणसाचे गरे डब्यात भरून दिले आणि वर बजावलं, "वाटत बसू नका हो, तुम्हीच खा." मी मूळची तिकडचीच आहे, हे त्या इतक्या वर्षांत लक्षात ठेवत नाहीत. डी.एड. झाले, शिक्षकांच्या यादीत नाव लागलं आणि सरकारनं मला माजलगाव तालुक्यातून उचलून कोकणात आणून ठेवलं. आता इकडं मी घाटावरची आणि तिकडं कोकणातली.

या खेपेला मी माहेरपणाला जात नव्हते. धाकट्या भावाला, बापूला, कानाला धरून डॉक्टरकडं न्यायला जात होते. आम्हा दोघांच्याही रक्तात हिपॅटायटिस बी आहे. आमच्याकडं त्याला 'ब कावीळ' म्हणतात. माझ्या पहिल्या बाळंतपणात तपासणी झाली तेव्हा कळलं, मग बापूलाही ओढून नेलं, तर त्याचंही तेच. आम्ही लहान असताना आई पोटात पाणी होऊन गेली होती. ती कशानं गेली आणि जाताना आम्हाला काय देऊन गेली, ते इतक्या वर्षांनी उमगलं. हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प बसतो. डोळे पिवळे होत नाहीत, काही दुखत नाही. सहा-सहा महिन्यांनी तपासून घ्यायचं, एवढंच. माझे रत्नागिरीचे डॉक्टर मला आधी वजनकाट्यावर उभं करतात आणि म्हणतात, "बाई, विषाणूवर लक्ष मी ठेवतो, पोटावर तुम्ही ठेवा. अंगात चरबी आणि साखर वाढली की लिव्हरला दोन दुश्मन होतात." मी ऐकते. बापूला मधुमेह निघाला होता, आणि तरी दोन वर्षांत तो डॉक्टरकडं फिरकला नव्हता. फोनवर विचारलं की म्हणायचा, "झोपलाय गं तो. झोपलेल्याला कावून उठवायचं?" आमच्याकडं 'कशाला'ला 'कावून' म्हणतात.

बीड

बीडच्या स्टँडवर उतरले तेव्हा ऊन डोळ्यांत घुसत होतं. स्टँडबाहेर नजर जाईल तिथं क्लासेसचे फलक, त्यावर डॉक्टर होऊ घातलेल्या पोरापोरींचे फोटो. त्यांच्या मधोमध, सगळ्यांपेक्षा मोठा, माझा भाऊ. हात जोडलेला, फेटा बांधलेला, गाल फलकाबाहेर यायच्या बेतात. खाली लिहिलेलं, 'दूध उत्पादकांचा आधार, वजनदार नेतृत्व'. बापू आमच्या तालुक्याच्या सहकारी दूध संघाचा अध्यक्ष आहे. फलक लावणाऱ्यांच्या मनात थट्टा नव्हती, हे मला माहीत आहे. पण मला ते वाचून तिथंच उन्हात संताप आला.

गाडी घेऊन वामन आला होता. वामन म्हणजे बापूचा उजवा हात, डावा हात आणि तोंडही. पिशवी हातातून घेता घेता म्हणाला, "बरूबर टायमाला आलाव आक्का. शुक्रवारी साहेबांची तुला हाय."

"कशाची? साखरेची?"

"साखरंची कावून? दुष्काळात जनावर साखर खातंय व्हय? पेंडीची. चारा छावणीतल्या जनावरांला वाटायची."

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कोकणात पुढाऱ्याला शाल आणि नारळ देऊन मोकळे होतात. आमच्याकडं पुढारी तोलतात. मोठा तराजू टांगायचा, एका पारड्यात माणूस मांडी घालून बसवायचा, दुसऱ्यात लाडू, साखर, वह्या, जे काय ठरलं असेल ते भरायचं. पारडं नुसतं बरोबरीला येऊन चालत नाही, दानाचं पारडं खाली टेकलं पाहिजे. मग टाळ्या, हलगी, फोटो. यंदा सरकीची पेंड ठरली होती. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, आडत्यांनी आपापली एकेक तुला कबूल केली होती. बापू एकदाच बसणार, पण तो जेवढा भरेल तेवढी पेंड प्रत्येक आडत्या देणार.

"म्हणून म्हणतो आक्का," वामन गिअर टाकत म्हणाला, "साहेबांचा एक किलो म्हंजी नुसता एक किलो न्हाई. आमी तर मंगलवैनींला सांगून ठिवलंय, शुक्रवारपस्तोर हात आखडू नका."

मी खिडकीबाहेर बघत बसले. बोलले असते तर वामनला रस्त्यातच उतरावं लागलं असतं, आणि मला गाडी येत नाही.

दिंद्रुड

आमचं गाव दिंद्रुडच्या पुढं थोडं आत आहे. वाटेत मोसंबीच्या बागा लागायच्या. त्या जागी आता सरपणाचे ढीग होते, नीट रचलेले. ठिबकच्या नळ्या गुंडाळून बाभळींवर टांगल्या होत्या. दारोदार निळी पिंपं, आणि पिंपांना कुलपं. कोकणात आम्ही नारळ-पोफळीला कुलूप लावत नाही, इथं पाण्याला लावलं होतं. ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली होती आणि पारावर बसून टँकरची वाट बघत होती. दूध संघाच्या केंद्रासमोर मात्र संगमरवरी कट्टा धुतलेला दिसला. दूध कमी झालंय, पण कट्टा धुवावा लागतो म्हणे.

दुष्काळात पाहुण्याचं काय होतं तेही इथं कळतं. पाणी मागितलं की अर्धा पेला येतो, आणि चहा मात्र न मागता पुन्हा पुन्हा येतो. पाणी टँकरचं, दूध आणि साखर घरची. पाण्याला नाही म्हणता येतं, चहाला नाही म्हटलं की माणूस तोंड फिरवतो. चमचा उभा राहील इतका गोड चहा. बापू असे किती पीत असेल याचा मी मनाशी अंदाज केला आणि सोडून दिला.

बापू ओसरीवर आला आणि मी हबकलेच. दोन वर्षांपूर्वीचा बापू यात दोनदा मावला असता. मानेच्या वळीवर काळं चढलेलं, पायऱ्या उतरताना धाप. पाया पडायला वाकला तर पोट आडवं आलं. वर माझ्याकडं बघून म्हणतो, "आक्का, किती वाळलीस गं! खायला घालत न्हाईत का तिकडं?"

जेवण मात्र जेवण होतं. येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसाल्याची, आमटी, पापुद्रा सुटलेली ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आमरस आणि वर कुरडई. या येसरासाठी मी देवरुखात किती वर्षं झुरते आहे; तिथं लोक नारळाशिवाय आमटी होते हे मानायलाच तयार नसतात. मी पोटभर जेवले. बापू माझ्या दुप्पट जेवला, आणि हात धुवून होतोय तोवर कुणाच्या तरी घरून लाडवांचा डबा आला. तो उघडून तिथंच खायचा असतो, कारण आणणारा समोर उभा असतो.

भांडी आवरताना मंगल, माझी भावजय, चुलीपाशी बसून हळूच म्हणाली, "आक्का, माझ्यावर रागवू नका. मी मागच्या साली त्यांचं खाणं बंद केलंतं. अर्धी भाकर, भाजी, साखर बंद. रोज कालव्याच्या कडंनं चालायला जायचे. चांगले हलके झालते. मग लोक घरी यायलेत. एकेक जण इचारतोय, वैनी, साहेबांला काय झालंय? खरं सांगा, किती दिवस हायेत? पावसाळ्यानंतर संघाची निवडणूक. समोरचं पॅनल गावोगाव सांगाया लागलं, अध्यक्ष वाळायलाय, आता काय टिकत न्हाई. तवापासून त्यांनी परत जेवायला सुरू केलं. मीच वाढते. काय करू?"

मी तिच्यावर रागावणार तरी कशी? अंग धरलं की माणसं म्हणतात तब्येत झाली, आणि उतरलं की म्हणतात संपला. बापू खाऊन माजलेला पुढारी नाही. लोकांनी प्रेमानं वाढलं आणि त्याला नाही म्हणता आलं नाही, एवढाच त्याचा गुन्हा. पण लिव्हर असली कारणं ऐकत नाही.

छावणी

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूनं छावणी दाखवायला नेलं. माळावर शेडनेटच्या ओळी, खाली जनावरं, आणि जनावरांशेजारी बाजा टाकून माणसं. बाया तिथंच स्वयंपाक करत होत्या. छावणीत हिरवा ऊस मिळत होता, पण नुसत्या उसावर दूध येत नाही आणि गाभण गाय तगत नाही. पेंड परवडणारी नव्हती. ज्याच्या त्याच्या तोंडी शुक्रवार होता.

गयाबाई तिथंच भेटली. आमच्या आईची जोडीदारीण, दोघी एका पाळीला खुरपायला जायच्या. आई गेल्यावर हिनंच बापूला काखेत घेऊन वाढवलं. आता सगळे दात गेलेत, पण आवाज तोच. तिची तांबडी गाय गाभण होती, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. बापूला बघून तिनं त्याच्या दंडावर थाप मारली.

"आता कसा दिसायलास! मागच्या साली नुसता काटकुळा झालतास बघ." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आन् तू गं? कोकणात भाकर मिळंना का?"

"मिळते गं. मोजून खाते."

"मोजून काय खायचं? मोजून तर आमाला टँकरचं पाणी मिळतंय."

बापू हसला. गयाबाईनं पदराआडून गुळाचा खडा काढला आणि त्याच्या तोंडात कोंबला. मी नको नको म्हणेपर्यंत त्यानं तो गिळलाही. गायीच्या पाठीवर हात फिरवत ती म्हणाली, "शुक्रवारी पेंड आली की हिला आधार व्हईल. येईपर्यंत टिकली पायजे." मला त्या गायीकडं बघवेना आणि बापूकडंही बघवेना. इथं खरंच कुणाचा तरी जीव बापूच्या वजनाला टांगलेला होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत.

अंबाजोगाई

गुरुवारी मी त्याला उपाशीपोटी गाडीत घातलं; चालवायला संघाचा ड्रायव्हर होता. अंबाजोगाईला एक बाई डॉक्टर आहेत, पोटाच्या आणि लिव्हरच्या. त्यांनी सांगितलं होतं, सोनोग्राफी आहे, काही खाऊ-पिऊ नका. धारूरमार्गे निघालो. धारूरच्या घाटात सीताफळाची झाडं काड्या होऊन उभी होती आणि माकडं रस्त्यावर येऊन गाड्यांपुढं हात पसरत होती.

मी गाडीत विषय काढला. "लोकांना सरळ सांगून टाक की. मला ब कावीळ आहे, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय, म्हणून वाळतोय. विषय संपला."

"आक्का, मी दूध संघाचा अध्यक्ष हाय. माझं नाव त्या पिशवीवर हाय. उद्या पॅनलवाले बोंब ठोकतील, ह्याला ब कावीळ हाय, ह्याच्या संघाचं दूध पोरांला पाजू नका."

"दुधातून नाही पसरत ती. एका ताटात जेवलं तरी नाही. रक्तातून जाते, आईकडून बाळाला जाते, एकमेकांची सुई-ब्लेड वापरलं तर जाते."

"हे तुला म्हाईत, मला म्हाईत. पर आईची मयत आठव. लोकांनी आपल्या हंड्याला हात लावला नव्हता. संघ बसला तर ह्या छावणीतल्या बायांनी दूध कुठं घालायचं?"

"कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, बापू."

धारूरच्या चौकात गाडी थांबली, कारण रस्त्यात माणसं उभी होती. वामननं आदल्या दिवशी फोन केला होता, साहेब इकडून जाणार आहेत. हार, फटाके, आणि रसवंतीवाल्याकडून उसाच्या रसाचा मोठा पेला, आलं-लिंबू टाकून. मी खिडकीतून ओरडले, "त्याला चालत नाही!" तोवर पेला तोंडाला लागला होता. बापू पेला परत देताना माझ्याकडं बघून ओशाळं हसला. "एका गिलासानं काय व्हतंय?" चौकातला एक जण म्हणाला, "पिऊ द्या की आक्का, कावून ओरडताव? कावीळ असलेला माणूस बी रसानं बरा व्हतोय." बापूचा चेहरा क्षणात उतरला. मी काच वर घेतली.

त्या पेल्यापायी डॉक्टरांनी आम्हाला दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. चांगली अद्दल घडली. मग पोटाची सोनोग्राफी, रक्त, आणि लिव्हर किती कडक झालंय ते बघणारं एक यंत्र बरगडीवर ठेवून तपासणी. बाई माझ्यापेक्षा लहान असतील. कागद बघून त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"लिव्हरमध्ये चरबी भरपूर आहे. आणि ते कडक व्हायला लागलंय."

"पर माझा विषाणूचा आकडा तर बारीकच असतोय," बापू म्हणाला.

"त्यावरच तुम्ही निवांत राहिलात. लिव्हरमध्ये चरबी असलेल्या काही जणांत आकडा कमी दिसतो, पण विषाणू गेलेला नसतो. आणि वरून साखर आणि चरबी आपलं काम करतात. तुमच्या लिव्हरवर दोघं बसलेत. एकाला मी गोळीनं गप्प ठेवेन. दुसऱ्याला तुम्हालाच उठवायला लागेल. हळूहळू उतरवा, उपास करून नाही. चाला, साखर बंद, दारू घेत असाल तर ती कायमची बंद. आत्ता अजून मागं फिरता येईल. पुढं गेलं तर गाठ होऊ शकते, नाहीतर पोटात पाणी."

पोटात पाणी म्हटल्यावर बापूनं मान खाली घातली. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "म्याडम, परवापासून सुरू केलं तर चालंल का? उद्या थोडं काम हाय."

बाईंना तराजू माहीत नव्हता. त्या म्हणाल्या, "परवापासून तर परवापासून, पण मग खरंच." मी मध्ये बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला त्या तांबड्या गायीच्या बरगड्या दिसत होत्या. परतताना मी गाडीत डॉक्टरबाईंचं सगळं पुन्हा बजावलं, आणि त्यानं वाटेत कुठं गाडी थांबवू दिली नाही. घरी आल्यावर त्यानं मंगलला सांगितलं, "परवापासून अर्धी भाकर." मंगल देवापुढं जाऊन बसली. मला वाटलं, आले त्याचं काहीतरी चीज झालं.

शुक्रवार

छावणीच्या माळावर मांडव. मोंढ्यातून आणलेला तराजू, तिवईला साखळदंडानं टांगलेला, पारड्यांना झेंडूच्या माळा. हलगी वाजत होती. बापूला वर आणलं तेव्हा वामननं त्याच्या डोक्यावर आणखी एक फेटा चढवला, गळ्यात हारांवर हार घातले, आणि हातात पितळी गदा दिली. मी म्हटलं, "ही गदा कशाला?" तो डोळा मारून म्हणाला, "आक्का, समोर आडते बसलेत. त्यांचंच जातंय."

बापू पारड्यात बसला. तराजू त्याच्या बाजूनं दाणकन खाली आला आणि सगळा माळ हसला. मग समोरच्या पारड्यात पोतं पडलं. आणखी एक. प्रत्येक पोत्याला हलगी कडाडायची, बाया हात वर करून ओरडायच्या, आणि ध्वनिक्षेपकावरून वामन, "अजून हलले न्हाईत! साहेब अजून हलले न्हाईत!" माझा भाऊ गदा मांडीवर घेऊन, घामानं निथळत, हसत बसला होता. डॉक्टरबाईंनी आदल्या दिवशी जे उतरवा म्हणून सांगितलं, त्यावर इथं टाळ्या पडत होत्या.

आणि मी काय करत होते? मी गयाबाईशेजारी उभी होते. तिनं माझा हात घट्ट धरला होता. बापूचं पारडं थरथरत वर उठायला लागलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "अजून एक बसेल. अजून एक." मलाच माझी लाज वाटली. पण पोतं पडलं तेव्हा मीही टाळी वाजवली.

दानाचं पारडं टेकलं. बापूनं माइक घेतला आणि दोनच वाक्यं बोलला. वामननं मात्र माइक परत घेतला आणि जाहीर करून टाकलं, "पुढल्या साली पाऊस पडू न्हाई तर न पडू, तुला हाय! आन् साहेब यंदापेक्षा एक किलो कमी भरले तर मी मिशा उतरवतो!" माळ गरजला. बापूनं हात जोडले. त्यानं नाही म्हटलं नाही. हजार माणसांसमोर कसं म्हणेल? आदल्या रात्री ठरलेली अर्धी भाकर तिथंच बुडाली.

पेंडवाटप सुरू झालं. गयाबाईला तिचा वाटा मिळाला. ती डोक्यावर घेऊन निघाली तेव्हा मला राहवलं नाही. मी तिला बाजूला घेतलं. मी विचार केला, निदान हिला तरी सांगावं. ही त्याची आईच आहे, ही त्याला गूळ कोंबणार नाही.

"गयाबाई, कुणाला बोलू नकोस. बापूला आजार आहे. आईला होता तोच. हे वजन त्याला मारतंय."

ती थांबली. पोतं खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं ते चकित होऊन नाही.

"म्हाईत हाय की," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"ब कावीळ. सगळ्यांला म्हाईत हाय, बाई. तुझी माय गेली तवा मी तिच्या उशाशी व्हते. मग तू तिकडं बाळंत झालीस, तवा मंगल आन् पोरं माजलगावला जाऊन लशीच्या तीन तीन सुया टोचून आली. गावात काय लपतंय? दवाखान्यातल्या बाईनं त्याच साली सांगितलं कशाच्या त्या. आन् ती दुधातनं व्हत न्हाई, हे बी तिनंच सांगितलं. मी रोज दूध घालते. कोण थांबलंय का?"

"मग कुणी त्याला बोललं का नाही इतकी वर्षं?"

"त्याला वाईट वाटलं असतं. लपवतोय तर लपवू दे म्हणलं."

"आणि काल डॉक्टरनं काय सांगितलं तेही कळलं असेल."

गयाबाईनं पोत्याच्या तोंडाची गाठ उगाच चाचपली. "ड्रायव्हरनं सांगितलं रातीच. लई वाईट वाटलं. रडले मी. पर म्हणलं, शुक्रवार होऊन जाऊ द्या."

तिनं पोतं पुन्हा डोक्यावर घेतलं, मला म्हणाली, "त्याला संभाळ बाई, असा माणूस पुन्हा मिळायचा न्हाई," आणि गायीकडं गेली. मला तिचा राग आला. अजून आहे. आणि त्या गायीला ती पेंड मिळाली नसती तर मला कसलं समाधान झालं असतं, हेही मला सांगता येत नाही.

बापू मांडवामागच्या कनातीत एकटा बसला होता. फेटे काढून ठेवलेले, सदरा पाठीला चिकटलेला. मला बघून लहानपणासारखा हसला. "कसं झालं आक्का? जनावरं महिनाभर तरी निघतील."

मी सांगून टाकलं. जसं गयाबाई बोलली तसं. सुयांचं, दवाखान्यातल्या बाईचं, दुधाचं, ड्रायव्हरचं. मध्येच थांबावंसं वाटलं, पण थांबले नाही.

त्यानं गळ्यातला एक हार काढला, दुसरा काढला. मग म्हणाला, "म्हंजी सगळ्यांला म्हाईत व्हतं."

"हो."

"मग आक्का, मी जेवत व्हतो ते कुणाला दाखवायला?"

मी त्याच्या हातातले हार घेतले आणि शेजारी बसले.

बाहेरून वामनची हाक आली. पंगत बसली होती, पण साहेबांशिवाय वाढायला सुरुवात होत नव्हती. माणसं पत्रावळी पुढं घेऊन उन्हात थांबली होती. बापू उठला. त्यानं तोंडावर पाणी मारलं, अर्ध्या पेल्यातलं, आणि जाऊन पंगतीच्या मधोमध बसला. मी समोरच्या ओळीत बसले. भात आला, वरण आलं, तूप आलं. मग बुंदीची बादली आली. बापूनं पत्रावळीवर हात आडवा धरला. इतक्या वर्षांत मी त्याला असा हात धरताना कधी पाहिलं नव्हतं. वाढणारा माणूस छावणीतलाच होता, सकाळी त्यालाही पेंड मिळाली होती. तो हसला, खाली वाकला, आणि अगदी मायेनं बापूचा हात उचलून बाजूला ठेवला. मग त्यानं बुंदी वाढली.